पूल महत्त्वाचा, पण पूल बांधणाऱ्याचा अर्ज नामंजूर: ग्रीन कार्डमधलं ‘राष्ट्रीय महत्त्व’ म्हणजे नक्की काय?

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एक घोषणापत्र काढलं. अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी कंपनीने एच-वन-बीसाठी, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसासाठी, नवा अर्ज केला तर एक लाख डॉलर भरावे लागतील, असं त्यात होतं. तेव्हापासून पुण्यातल्या आणि न्यू जर्सीतल्या मराठी इंजिनियरांच्या गप्पांत एक लघुरूप सारखं येतंय: एनआयडब्ल्यू, म्हणजे ग्रीन कार्डची एक वेगळी वाट. कंपनी लागत नाही, नोकरीची ऑफर लागत नाही, अर्ज आपला आपण करता येतो, असं सांगितलं जातं.

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण अर्ज केल्यावर काही महिन्यांनी अनेकांच्या हाती अमेरिकी इमिग्रेशन खात्याचं जे पत्र पडतं, त्याने माणूस चक्रावतो. त्याचा आशय साधारण असा असतो: तुमचं क्षेत्र महत्त्वाचं आहे, तुमचं शिक्षण आणि अनुभव मान्य आहे, पण तुम्ही जे काम करणार आहात त्याचं राष्ट्रीय महत्त्व तुम्ही सिद्ध केलेलं नाही. पंधरा वर्षं वीजकेंद्रांवर, पुलांवर किंवा चिपच्या कारखान्यात घालवलेल्या माणसाला हे वाचून राग येणं स्वाभाविक आहे. वीज महत्त्वाची नाही तर काय महत्त्वाचं, असं त्याला वाटतं.

त्याच्या रागात तथ्य आहे, पण खात्याने विचारलेला प्रश्न वेगळाच असतो. तो नीट समजला की निम्मं काम होतं.

आधी वाट समजून घेऊ

नोकरीच्या आधारावर अमेरिकेत कायमचं राहायचं तर ग्रीन कार्डचे काही वर्ग आहेत. इंजिनियर मंडळी बहुतेक ‘ईबी-२’ या वर्गात येतात. त्यासाठी मास्टर्स पदवी लागते, किंवा बी.ई. नंतर त्याच क्षेत्रातला चढत्या जबाबदारीचा पाच वर्षांचा अनुभव. असामान्य कौशल्य सिद्ध करूनही या वर्गात जाता येतं, पण इंजिनियरला सहसा पदवीची वाटच सोपी पडते.

या वर्गाचा नेहमीचा रस्ता कंपनीमार्फत जातो. कंपनी आधी जागेची जाहिरात देते, अमेरिकी उमेदवार मिळतो का ते पाहते, आणि लायक माणूस मिळाला नाही हे श्रम खात्याला पटवून देते. याला लेबर सर्टिफिकेशन म्हणतात. त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि सगळी सूत्रं कंपनीच्या हातात राहतात. नोकरी गेली की बहुतेक वेळा सगळं पुन्हा पहिल्यापासून.

१९९० च्या इमिग्रेशन कायद्यात अमेरिकी संसदेने यातून एक पळवाट नव्हे, तर रीतसर दार ठेवलं. एखाद्याचं काम देशाच्या हिताचं असेल तर नोकरीच्या ऑफरची आणि लेबर सर्टिफिकेशनची अट माफ करता येईल, असं ते दार. हीच नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे एनआयडब्ल्यू. अर्जाचा फॉर्म तोच, आय-१४०, फक्त तो माणूस स्वतःच्या नावाने भरू शकतो. निर्णय घेतं यूएससीआयएस, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशनचं काम पाहणारं अमेरिकी खातं.

आता गंमत अशी की ‘देशाचं हित’ म्हणजे काय, हे कायद्याने कुठेच सांगितलेलं नाही. त्याची व्याख्या दोन निर्णयांतून घडली आणि दोन्ही निर्णय इंजिनियरांचे होते.

न्यूयॉर्कचे पूल आणि ध्वनीपेक्षा वेगवान इंजिनं

पहिला निर्णय १९९८ चा. न्यूयॉर्क राज्याच्या वाहतूक खात्याने पुलांचं काम करणाऱ्या एका इंजिनियरसाठी ही सवलत मागितली होती. काम एकाच राज्यातलं, मग ते राष्ट्रीय कसं, हा प्रश्न निघाला. उत्तर अर्जदाराच्या बाजूने आलं: न्यूयॉर्कचे रस्ते आणि पूल राज्याला देशाच्या वाहतुकीच्या जाळ्याशी जोडतात, त्यामुळे ते सुस्थितीत राहण्यात इतर भागांचंही हित आहे. तरीही अर्ज नामंजूर झाला. इमिग्रेशन खात्याचं म्हणणं, लायक माणसांची टंचाई असेल तर त्यासाठीच लेबर सर्टिफिकेशन आहे, त्या रस्त्याने या. पुढची अठरा वर्षं हाच निर्णय प्रमाण होता आणि त्यातली लेबर सर्टिफिकेशनबद्दलची ही अट भल्याभल्यांना पार करता आली नाही.

दुसरा निर्णय २७ डिसेंबर २०१६ चा, ‘मॅटर ऑफ धनासर’ या नावाने ओळखला जाणारा. अर्जदार एरोस्पेस इंजिनियरिंगमधला संशोधक होता. ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या विमानांच्या आणि यानांच्या इंजिनांवर त्याचं काम होतं आणि तो नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात शिकवतही होता. आधी अर्ज नाकारला गेला. अपील कार्यालयाने तो मंजूर केला, आणि करताना जुनी चौकट मोडून नवी घातली. आजही प्रत्येक एनआयडब्ल्यू अर्ज याच चौकटीत तपासला जातो.

तिच्यात तीन कसोट्या आहेत. पहिली: तुम्ही हाती घेणार असलेलं काम मोलाचं आहे का आणि त्याला राष्ट्रीय महत्त्व आहे का. दुसरी: ते काम पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात का. तिसरी: सगळं जमेस धरलं तर नोकरीची अट माफ करण्यात अमेरिकेचा फायदा आहे का. पुराव्याचं माप अवाजवी नाही. तुमचं म्हणणं खोटं असण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवायचं. काम यशस्वी होईलच अशी हमी कुणी मागत नाही.

धनासर प्रकरणात मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. त्या अर्जदाराने दोन कामं मांडली होती, संशोधन आणि अध्यापन. अपील कार्यालयाने दोन्ही वेगवेगळी तपासली. संशोधनाला राष्ट्रीय महत्त्व आहे असं म्हटलं. त्याला आधार होते विद्यापीठं, सरकार आणि उद्योगांतल्या वरिष्ठांची पत्रं, आणि संसदेच्या संरक्षण समितीला या तंत्रज्ञानात रस असल्याचे पुरावे. अध्यापनाचं मोल मान्य केलं, पण एका विद्यापीठातल्या वर्गात शिकवण्याचा परिणाम देशाच्या विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणावर कसा होणार, हे नोंदींतून दिसत नाही, असं म्हणून राष्ट्रीय महत्त्व नाकारलं. एकच माणूस, एकच विद्यापीठ, एकच विषय. एक काम कसोटीला उतरलं, दुसरं उतरलं नाही.

क्षेत्राला मार्क नाहीत, कामाला आहेत

हा फरक आपल्याकडच्या उदाहरणाने पाहू. नाशिक किंवा सांगलीकडचा एक द्राक्षबागायतदार पाच एकरांत सुरेख माल काढतो, निर्यातही करतो. दुसऱ्याची बाग तेवढीच आहे, पण त्याने डाऊनी मिल्ड्यू या बुरशीच्या रोगाला दाद न देणारी पद्धत शोधली, तिच्या नोंदी ठेवल्या, त्या इतरांना दिल्या, आणि आता चार तालुक्यांतले लोक ती वापरतात. द्राक्षशेती दोघांचीही, मेहनत दोघांचीही. पण पहिल्याची बाग उद्या बंद पडली तर नुकसान त्याचं आणि त्याच्या व्यापाऱ्याचं. दुसऱ्याचं काम त्याच्या बांधापलीकडे गेलेलं आहे.

खातं विचारतं ते बांधापलीकडचं. द्राक्षशेती महाराष्ट्रासाठी महत्त्वाची आहे का, असा प्रश्नच नाही. खात्याच्या धोरणपुस्तिकेत हे जवळजवळ याच शब्दांत आहे: उद्योग, क्षेत्र किंवा पेशा किती महत्त्वाचा हा मुद्दा नाही, तुम्ही नेमकं काय करणार आहात हा मुद्दा आहे. तिथे इंजिनियरचंच उदाहरण दिलेलं आहे. इंजिनियरिंग हा पेशा झाला. इंजिनियर रोज काय काय करतो त्याची यादी देऊन भागत नाही. कोणते प्रकल्प, कोणती उद्दिष्टं, इंजिनियरिंगचा कोणता भाग, हे सांगावं लागतं.

म्हणूनच ‘अमेरिकेतली ग्रिड जुनी झाली आहे’ किंवा ‘सायबर हल्ले वाढले आहेत’ यावर दहा पानं लिहून अकराव्या पानावर ‘आणि मी या क्षेत्रात काम करतो’ असं म्हणणाऱ्या अर्जांना नकार येतो. ती दहा पानं खोटी नसतात. पण त्या क्षेत्रातला कुठलाही इंजिनियर ती आपल्या अर्जाला जोडू शकतो, आणि ती जर कुणालाही चालत असतील तर तुमच्याबद्दल त्यांतून काहीच सिद्ध होत नाही.

एकाच इंजिनियरचे तीन अर्ज

२६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ नावाचं मालवाहू जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल पत्त्यासारखा कोसळला. पुलावर रात्रपाळीला असलेले सहा कामगार दगावले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, वर्षभराने सांगितलं की १९ राज्यांतल्या ६८ पुलांची जहाजाच्या धडकेच्या दृष्टीने तपासणी व्हायला हवी. हे पूल १९९१ मध्ये तशी तपासणी करण्याची मार्गदर्शक पद्धत येण्याआधी बांधलेले आहेत.

आता समजा, एक स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. बी.ई. सांगलीची, एम.एस. अमेरिकेतली, नऊ वर्षांचा अनुभव. हा माणूस काल्पनिक आहे, पण त्याचा अर्ज मात्र ओळखीचा वाटेल.

पहिला मसुदा असा: “मी पूल डिझाइन करतो. अमेरिकेत सहा लाखांहून अधिक पूल आहेत, त्यांतले हजारो खराब स्थितीत आहेत. २०२१ मध्ये संसदेने पायाभूत सुविधांसाठी मोठा कायदा केला. म्हणून माझं काम राष्ट्रीय महत्त्वाचं आहे.” यात वाक्यागणिक तथ्य आहे आणि ‘म्हणून’ या शब्दाला काही आधार नाही.

दुसरा मसुदा थोडा पुढे जातो: “मी अमुक सल्लागार कंपनीत राहून तमुक राज्यांचे पूल मजबूत करण्याच्या प्रकल्पांवर काम करेन.” आता काम दिसायला लागलं. पण त्याचा लाभ कंपनीला आणि तिच्या ग्राहकांना. त्या जागी दुसरा चांगला इंजिनियर आला तरी पूल मजबूत होतीलच.

तिसरा मसुदा: “१९९१ पूर्वीच्या पुलांचे मूळ नकाशे आणि गणितं अनेकदा अपुरी असतात, म्हणून धडकेच्या धोक्याची तपासणी महाग पडते आणि लांबते. मी उपलब्ध तपासणी नोंदी आणि जहाजांच्या हालचालींची माहिती वापरून खांबांचा धोका कमी खर्चात ठरवण्याची पद्धत विकसित करतोय. दोन पुलांवर ती वापरून पाहिली, निष्कर्ष परिषदेत मांडले. पुढच्या तीन वर्षांत ती आणखी पुलांवर पडताळायची आणि कुठल्याही राज्याच्या वाहतूक खात्याला वापरता येईल अशा रूपात खुली करायची.” सोबत त्या दोन पुलांच्या मालक संस्थांची पत्रं, ज्यांत काय बदललं ते आकड्यांत सांगितलेलं. शिवाय एनटीएसबीची शिफारस, पण आता तिचा अर्थ पालटतो. पहिल्या मसुद्यात असल्या सरकारी दस्तऐवजाने फक्त पूल महत्त्वाचे आहेत एवढंच सांगितलं असतं. इथे तो दाखवतो की याच कामाची देशाला याच वेळी गरज आहे.

माणूस बदलला नाही. कदाचित तो तिन्ही मसुद्यांच्या काळात तेच काम करत होता. फरक पडला तो आपल्या कामातला बांधाबाहेर जाणारा भाग त्याने ओळखला आणि त्याचा माग काढून दाखवला म्हणून. असा भाग नसेल तर तो कागदावर निर्माण करता येत नाही, हेही तितकंच खरं. नसेल तर कंपनीमार्फत जाणारा रस्ता धरावा. त्यात कमीपणा काही नाही.

“पण माझी कंपनी तर पन्नास राज्यांत आहे”

कंपनीचा पसारा म्हणजे तुमच्या कामाचं महत्त्व नव्हे. देशभर पसरलेल्या कंपनीला होणारा फायदाही एकटा पुरत नाही, असं खातं स्पष्ट म्हणतं. तुमच्या कामामुळे त्या कंपनीच्या बाहेर कोण काय वेगळं करू लागलं, हे दाखवावं लागतं: दुसऱ्या कंपन्यांनी उचललेली पद्धत, उद्योगाच्या मानकात शिरलेला बदल, परवाना देऊन वापरलं जाणारं पेटंट. पेटंट नुसतं मिळालं असेल आणि कुणीच वापरत नसेल, तर त्याने तुमची हुशारी सिद्ध होते, परिणाम नाही.

“मी आयटीत आहे, माझं काय?”

हा प्रश्न मराठी वाचकांत सगळ्यात जास्त जणांचा असणार, म्हणून इथे थोडं थांबतो.

जानेवारी २०२५ मध्ये खात्याने आपल्या धोरणपुस्तिकेत भर घातली. त्यात म्हटलंय की कंपनीचा कोड वेगवेगळ्या ग्राहकांसाठी जुळवून देणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनियरला, आणखी व्यापक परिणाम दाखवल्याशिवाय, राष्ट्रीय महत्त्व सिद्ध करणं कठीण जाईल. हिंजवडी ते डॅलस, लाखो लोकांच्या रोजच्या कामाचं हे तंतोतंत वर्णन आहे. एखाद्या बँकेची जुनी प्रणाली क्लाऊडवर नेणं हे कठीण आणि जबाबदारीचं काम आहे. पण खात्याच्या दृष्टीने ती त्या बँकेची गरज.

मग सॉफ्टवेअरवाल्यांना दार बंद आहे का? नाही. रुग्णालयांतल्या यंत्रांमधली सुरक्षेची त्रुटी शोधण्याचं साधन ज्याने खुल्या स्रोतात ठेवलं आणि ते इतर संस्था वापरतात, त्याच्याकडे सांगण्यासारखं आहे. वीजवहनाच्या नियंत्रण प्रणालींसाठी असणाऱ्या मानकांच्या समितीवर जो काम करतो, त्याच्याकडेही आहे. प्रश्न भाषेचा किंवा तंत्रज्ञानाच्या नावाचा नाही. ‘एआय’ हा शब्द अर्जात पेरला म्हणून अर्ज भारी होत नाही. अमेरिकेच्या सरकारने अतिमहत्त्वाच्या आणि उदयोन्मुख तंत्रज्ञानांची यादी केलेली आहे आणि जानेवारी २०२२ पासून खातं अशा क्षेत्रांतल्या प्रगत पदवीधारकांच्या बाबतीत ती अनुकूल मुद्दा म्हणून पाहतं, हे खरं. पण यादीत क्षेत्र असणं ही सुरुवात आहे. काम कुठलं, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

“माझ्या कौशल्याची माणसंच मिळत नाहीत”

टंचाईचा युक्तिवाद १९९८ मध्ये चालला नाही आणि आजही तो एकटा चालत नाही. कारण माणसं मिळतात की नाही ते पाहण्यासाठीच लेबर सर्टिफिकेशन आहे. धनासर निर्णयाने उलट बाजूने दार उघडलं: तुमच्यासारखी लायक अमेरिकी माणसं उपलब्ध आहेत असं धरलं तरी तुमच्या योगदानाचा देशाला फायदा होईल का? म्हणजे ‘माझ्यावाचून अडेल’ हे सांगायचं नाही. ‘मी असल्याने यात भर पडेल’ हे सांगायचं.

“माझं काम एकाच शहरात आहे”

ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. धनासर निर्णयात स्पष्ट म्हटलंय की एका भागापुरतं कामही राष्ट्रीय महत्त्वाचं असू शकतं. तिथे दोन वाटा दिसतात. एक, त्या कामातून निघणारी पद्धत क्षेत्रातल्या इतरांना उपयोगी पडणं. सुधारलेली उत्पादनप्रक्रिया हे त्या निर्णयातलंच उदाहरण आहे. दुसरी आर्थिक: मोठ्या प्रमाणावर रोजगार निर्माण करण्याची क्षमता, विशेषतः मागे पडलेल्या भागात. पण दुसऱ्या वाटेवर आकडे लागतात. ‘माझी कंपनी पुढे पाचशे लोकांना काम देईल’ या वाक्यामागे भांडवल, ऑर्डरी आणि आराखडा नसेल, तर ते वाक्य इच्छा म्हणून वाचलं जातं.

कर्तबगारी कुठे मांडायची

सगळ्यात जास्त दिसणारी गफलत ही. पहिल्या कसोटीच्या भागात लोक पारितोषिकं, पगार, पदोन्नती, शोधनिबंधांचे संदर्भ असं सगळं ओततात. पण पहिली कसोटी भविष्याकडे पाहते: हे काम झालं तर काय होईल. तुम्ही आजवर काय केलं ही दुसऱ्या कसोटीची सामग्री आहे. दोन्ही मिसळलं की वाचणाऱ्याला माणूस चांगला दिसतो आणि काम मात्र धूसर राहतं.

शोधनिबंध नसतील तरी चालतं. कारखान्यात काम करणाऱ्याच्या हातात प्रक्रियेत झालेल्या बदलाचे आकडे असतात, बसवलेल्या यंत्रांच्या नोंदी असतात, ग्राहकांची पत्रं असतात. ती गोळा करताना गोपनीयतेच्या करारांची मात्र काळजी घ्यावी.

शिफारसपत्रांबद्दल माझं मत ठाम आहे: ज्यांनी तुमचं काम प्रत्यक्ष वापरलं अशा दोन माणसांची पत्रं, तुम्हाला नुसतं ओळखणाऱ्या आठ प्राध्यापकांच्या पत्रांपेक्षा वजनदार. ‘अत्यंत हुशार आणि मेहनती’ असं लिहिणारं पत्र खातं बाजूला ठेवू शकतं, तसा त्याला अधिकारच आहे. ‘यांची पद्धत आम्ही या सालापासून तीन प्लांटमध्ये वापरतो आणि आमचा एवढा बिघाड कमी झाला’ असं पत्र बाजूला ठेवणं अवघड जातं.

आणि साच्यातले अर्ज विकणाऱ्यांपासून सांभाळा. नाव आणि पदवी बदलून तोच मजकूर शंभर जणांना दिला जातो, आणि तो मजकूर वाचणारा अधिकारी तोच असू शकतो. अलीकडच्या काळात या वर्गातल्या नकारांचं प्रमाण वाढलंय, त्यात अशा अर्जांचा वाटा असणार असं मला वाटतं. आपण नेमकं काय करणार आहोत हे दोन पानं स्वतः लिहून काढल्याशिवाय वकिलाकडे जाऊच नये. चांगला वकील त्या दोन पानांना आकार देतो. ती पानं तो शून्यातून आणू शकत नाही.

ही दोन पानं आधीच पक्की हवीत याचं आणखी एक कारण आहे. अर्ज अपुरा वाटला तर खातं आणखी पुरावे मागणारी नोटीस पाठवतं. तिला उत्तर देताना कामाचा तपशील वाढवता येतो, पण काम बदलता येत नाही. अर्जात ‘पूल डिझाइन’ लिहून उत्तरात ‘जहाजाच्या धडकेची नवी पद्धत’ आणली, तर ती विचारात घेतली जात नाही आणि अर्ज पडतो. अर्ज दाखल केला त्या दिवशी तुम्ही पात्र होतात का, हे पाहिलं जातं.

मंजूर झालं, पुढे काय?

इथे भारतातल्या मंडळींची मोठी गैरसमजूत होते. एनआयडब्ल्यू मंजूर होणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. ती रांगेतली जागा आहे. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० असतात, कुटुंबीय धरून. एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत, इतरांची उरली तरच जास्त. ईबी-२ मध्ये भारताच्या वाट्याला या हिशेबाने वर्षाला सुमारे २,८०० येतात. २०२५ मध्ये भारतीयांसाठी या वर्गाची रांग २०१२-१३ च्या तारखांपाशी होती, म्हणजे तेव्हा रांगेत लागलेल्यांचा नंबर येत होता. एनआयडब्ल्यूवाल्यांनाही तीच रांग.

त्यामुळे पुण्यात बसून, एच-वन-बी महाग झाला म्हणून एनआयडब्ल्यू करू आणि पुढच्या वर्षी जाऊ, असा बेत कुणी आखत असेल तर तो चुकीच्या माहितीवर उभा आहे. मंजुरीने अमेरिकेत जाण्याचा किंवा तिथे काम करण्याचा हक्क लगेच मिळत नाही. उलट विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आणि भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्यांनी जरा विचार करावा, कारण या अर्जाने कायम राहण्याचा इरादा नोंदला जातो आणि पुढचा व्हिसा मागताना तो आडवा येऊ शकतो. एच-वन-बीवाल्यांना ही अडचण नाही.

मग आधीच एच-वन-बीवर तिथे असलेल्या इंजिनियरला याचा काय उपयोग? खूप. मंजूर आय-१४० असेल आणि रांग लांब असेल, तर एच-वन-बी सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. त्याच्या एच-फोरवरच्या, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या, जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. रांगेतली तारीख त्याच्या स्वतःच्या नावावर राहते, कंपनी बदलली, बुडाली किंवा तिने काढून टाकलं तरी. उद्या तो ईबी-१ या वरच्या वर्गात पात्र ठरला, तर हीच तारीख तिथे नेता येते. आणि ज्यांची मुलं दहा-बारा वर्षांची आहेत त्यांच्यासाठी तारखेचा प्रश्न जास्तच टोकदार आहे, कारण मूल २१ वर्षांचं झालं की ते आईवडिलांच्या अर्जावरून साधारणपणे बाहेर पडतं. मुलांचं वय मोजण्याच्या पद्धतीत काही सवलत आहे, पण दशकभराच्या रांगेपुढे ती तोकडी पडते.

जादा शुल्क भरलं तर खातं ४५ कामकाजी दिवसांत काहीतरी उत्तर देतं: मंजुरी, नकार किंवा आणखी पुराव्यांची मागणी. नकार आला तर साधारण महिनाभरात अपील करता येतं, किंवा चुका दुरुस्त करून नवा अर्जही करता येतो. नव्या अर्जाला बंदी नाही, किती वेळा करावा यालाही मर्यादा नाही. पण नाकारलेल्या अर्जाची तारीख मिळत नाही. नवा अर्ज ज्या दिवशी पोचेल, त्या दिवसापासून रांग मोजली जाते.